हलशीला कोणती लेन्स न्यावी: १६-३५ की ५०?

जुनी देवळं आणि गड टिपायला एकच लेन्स परवडणार असेल, तर १६-३५ची वाईड झूम (१६ ते ३५ मिमी, जास्त रुंद दृश्य मावणारी) घ्यावी की ५०ची प्राईम (५० मिमीवरच स्थिर, झूम न होणारी)? फुलफ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, मी दोन्ही वापरल्यात. किमतीतला फरक दुकानात कळतोच, त्यावर लिहीत नाही.

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, म्हणजे जुन्या जैन मंदिरात, वाईडचं पारडं सरळ जड होतं. १२०४ सालची ही बस्ती. छतातलं दगडी कमळ आणि खालचे खांब एका चौकटीत घ्यायचे, तर मागे सरकायला जागाच नाही. ५०ने कमळ घेतलं की खांब सुटतात.

माझं मत फिरलं ते बेळगाव जिल्ह्यातल्याच हलशीत. नंदगडवरून गेलो होतो. कदंब राजांच्या काळातल्या भूवराह नरसिंह देवळाचं शिखर मावावं म्हणून जवळूनच वाईड वर उचलली. घरी येऊन बघतो तर प्रत्येक फोटोत देऊळ मागे कललेलं! सॉफ्टवेअरमध्ये भिंती सरळ केल्या तर कडा कापल्या गेल्या, कळस गेला, आणि वरचा भाग ताणला जाऊन दगडाचा पोत पुसट झाला. आपण तर त्या पोतासाठीच जातो. पाऊस सरल्यावर खालच्या थरांवर शेवाळ ओलं-हिरवं असतं, वर ते वाळून काळं पडतं, मधेच दगडफुलाचे रुपयाएवढे पांढरट ठिपके.

पुढच्या खेपेला ५० नेली. आवारात जाता येईल तेवढा मागे गेलो, कॅमेरा उभा धरला, पण वर उचलला नाही. खाली अंगण जास्त आलं, ते नंतर कापलं. शिखर ताठ उभं राहिलं. झूम ३५वर लावूनही हे बऱ्यापैकी जमतं, पण हाताशी १६ असली की पाय मागे जात नाहीत, निदान माझे तरी.

राजहंसगडाचंही तेच. येळ्ळूरच्या शिवारातून १६वर गड वारुळाएवढा दिसतो. ५०वर भाताचे बांध आणि तटबंदी जवळ येतात.

शिवाय संरक्षित स्मारकांत ट्रायपॉडला परवानगी लागते, त्यामुळे अंधारात सगळं हातावर. वाईडच्या एफ ४ला (लेन्सचं भोक लहान, उजेड कमी) जिथे ३२०० आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) लागतो, तिथे ५०च्या एफ १.८ला (भोक मोठं) ८०० पुरतो.

कॅमेऱ्याचा सेन्सर क्रॉप, म्हणजे फुलफ्रेमहून लहान, असेल तर मात्र ५०ऐवजी ३५ बघा. आणि कमल बस्तीसाठी वाईड एक दिवस कुणाकडून तरी मागून आणा.