जीपीएसडीओ की जुना रुबिडियम? घरच्या टेबलावर 10 मेगाहर्ट्‌झ आणताना

मोजमापाची यंत्रं आणि रेडिओ यांना संदर्भ म्हणून 10 मेगाहर्ट्‌झचा अचूक सिग्नल लागतो. तो देतो जीपीएसडीओ, म्हणजे जीपीएसच्या ठोक्याने जुळवत ठेवलेला क्रिस्टल ऑसिलेटर, किंवा रुबिडियम, म्हणजे रुबिडियम अणूंवर चालणारा ऑसिलेटर. आधी ठरवा, हवी आहे ती वेळ की फ्रिक्वेन्सी. फक्त कॉम्प्युटरचं घड्याळ अचूक ठेवायचं असेल, तर रास्पबेरी पायला पीपीएस (दर सेकंदाला एक ठोका देणारी) पिन असलेलं साधं जीपीएस मॉड्यूल जोडा. मायक्रोसेकंदांपर्यंत पोहोचाल, जास्त खर्च करू नका.

त्याच मॉड्यूलच्या पिनवरून थेट 10 मेगाहर्ट्‌झ घेऊ नका, एवढं मात्र कळकळीने सांगतो. उदाहरणार्थ, निओ-7एम या मॉड्यूलचं आतलं घड्याळ 48 मेगाहर्ट्‌झचं. 6 ने भागून 8 मेगाहर्ट्‌झ स्वच्छ निघतात. 10 काढताना पूर्ण भाग जात नाही, म्हणून चिप कधी 4, कधी 5 ठोके मोजून सरासरी जुळवते. ऑसिलोस्कोपवर ती थरथर उघड दिसते.

खरी निवड पुढे आहे. जीपीएसडीओत दोन स्वभाव एकमेकांना सांभाळून घेतात. उपग्रहावरून मिळणारा सेकंदाचा ठोका काही नॅनोसेकंद मागेपुढे होतो, पण दिवसांच्या हिशेबात भरकटत नाही. तापमान कायम राखणाऱ्या छोट्या ओव्हनमधलं क्रिस्टल सेकंदभर अगदी स्थिर असतं, महिन्यांत मात्र सरकतं. जुळवणारं सर्किट, म्हणजे लूप, त्याला हलक्या हाताने जागेवर आणत राहतं. म्हणून ओव्हनवाला, म्हणजे ओसीएक्सओवालाच घ्या. साध्या क्रिस्टलला सतत सावरावं लागतं आणि उपग्रहाची थरथर आउटपुटमध्ये उतरते.

एफई-5680ए किंवा एलपीआरओ-101 यांसारखे टेलिकॉममधून निघालेले रुबिडियम मोहात पाडतात. अँटेना नको, काही मिनिटांत अणूंच्या फ्रिक्वेन्सीवर लॉक. पण रुबिडियम स्थिर असतो म्हणजे बरोबर असतोच असं नाही. रुबिडियमची वाफ असलेल्या सेलमधला वायू आणि चुंबकीय क्षेत्र यांमुळे त्याची फ्रिक्वेन्सी किंचित सरकते. ती जुळवायला शेवटी जीपीएसच लागतं. शिवाय खालचा पत्रा चांगलाच तापतो, हीटसिंक हवाच, आणि आतला दिवा किती वर्षं जळलाय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

क्यूओ-100 हा हौशी रेडिओचा उपग्रह ऐकणाऱ्या हॅम (हौशी रेडिओवाल्या) मित्रांना फरक लगेच जाणवेल. एलएनबीतलं (डिशवर बसणाऱ्या रिसीव्हर डब्यातलं) 25 मेगाहर्ट्‌झचं क्रिस्टल 390 पट होऊन 9750 मेगाहर्ट्‌झ होतं. तिथे 1 हर्ट्‌झ चुकला, की इथे आवाज 390 हर्ट्‌झ सरकला. तिथे मी जीपीएसडीओच लावेन. रुबिडियम घ्यावा तो आकाश अजिबात न दिसणाऱ्या घरात, किंवा रानात नेण्यासाठी.

ट्रिंबल थंडरबोल्ट हा जुना जीपीएसडीओ मिळाला तर तारखेला घाबरू नका. जुलै 2017 पासून तो 1024 आठवडे मागची तारीख दाखवतो, पण 10 मेगाहर्ट्‌झला धक्का लागलेला नाही. अँटेना गच्चीवर पक्की बसवा आणि जागेचा सर्व्हे, म्हणजे अँटेनाची नेमकी जागा मोजणं, पूर्ण होऊ द्या. मग इमारतींच्या आड उपग्रह गेले तरी एका उपग्रहावर वेळ निभावते. नेमका सेकंदही हवा असेल, तर केबलच्या दर मीटरला साधारण 5 नॅनोसेकंद वजा करा.