खिशात मावणारा मराठी नवा करार : जिज्ञासूंसाठी एक अभिप्राय

देवाचा शोध घेणाऱ्या, पण चर्चची पायरी अजून न चढलेल्या मराठी वाचकाने कुठून सुरुवात करावी असे कोणी विचारले, तर मी जुन्या करारातील स्तोत्रसंहिता व नीतिसूत्रे ही पुस्तके जोडलेली नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या येशू व त्याच्या शिष्यांविषयीच्या दुसऱ्या भागाची, ही छोटी आवृत्ती सुचवतो. मात्र ती पहिल्या पानापासून वाचू नये, अशी पुस्तीही जोडतो. पहिले पान म्हणजे मत्तयाने दिलेली, यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याच्यापासूनची येशूची वंशावळी. यहुदी इतिहासाची ओळख नसलेला माणूस त्या नावांतच अडकतो आणि पुस्तक कपाटात जाऊन पडते. त्याऐवजी सरळ लूककृत शुभवर्तमानाचा (लूकने लिहिलेल्या येशूच्या चरित्राचा) १५वा अध्याय काढावा.

तिथे उधळ्या मुलाचा दृष्टान्त आहे. घरदार सोडून पैसा उडवलेला मुलगा डुकरे राखता राखता बापासमोर काय बोलायचे ते ठरवतो: मी पाप केले आहे, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी योग्य नाही, मला एखाद्या मजुरासारखे ठेवा. प्रत्यक्षात तो लांब असतानाच बाप धावत येऊन त्याच्या गळ्यात पडतो, आणि मजुरीचे ते वाक्य मुलाच्या तोंडून निघण्याआधीच झगा, अंगठी आणि जोडे आणायला सांगतो. तारण, म्हणजे पापातून सुटका, कमावता येत नाही, ते कृपेने मिळते, हे प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात मोठ्या युक्तिवादाने मांडले आहे. इथे ते त्या न उच्चारलेल्या वाक्यातून कळते. थोरला भाऊ मात्र रुसून बाहेरच उभा राहतो आणि तो शेवटी आत गेला की नाही, हे येशू सांगतच नाही. नेमधर्म काटेकोरपणे पाळणाऱ्याला हा भाग अधिक बोचतो. निदान मला तरी बोचला.

त्यानंतर प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६ वाचावा. भूकंपाने तुरुंगाची दारे उघडल्यावर कैदी पळाले असे समजून जीव द्यायला निघालेला फिलिप्पै शहरातला तुरुंगाधिकारी तिथेच कैदेत असलेल्या पौल आणि त्याचा सोबती सीला यांना विचारतो, की माझे तारण व्हावे म्हणून मी काय करावे? प्रभू येशूवर विश्वास ठेव, एवढेच उत्तर त्याला मिळते, आणि त्याच रात्री तो त्या दोघांच्या जखमा धुतो, कुटुंबासह बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा जलविधी) घेतो आणि त्यांना घरी नेऊन जेवू घालतो.

अर्थात, सर्वांचेच इतक्या झटपट होत नाही. कवी ना. वा. टिळकांना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला, त्यातील येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन धरून ठेवले, आणि तरीही बाप्तिस्मा १८९५ साली, बराच अभ्यास व झगडा झाल्यावरच झाला. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये १८८३ साली झाला. पण पुढे काही वर्षे आपल्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. म्हणून हे पुस्तक आठवडाभरात संपवण्याचा संकल्प करू नये.

आता आवृत्तीविषयी. बांधणी मजबूत असून बसच्या गर्दीत एका हाताने धरता येते, पण कागद इतका पातळ आहे की मागच्या पानाची शाई पुढे दिसते, आणि दोन रकान्यांतील बारीक अक्षर चाळिशी ओलांडलेल्यांना चष्म्याशिवाय वाचता येणार नाही. याहून मोठी उणीव म्हणजे टिपांचा पूर्ण अभाव. नियमशास्त्र काटेकोर पाळणारे परूशी कोण, शोमरोनी लोकांशी यहुद्यांचे वैर काय, हे ठाऊक नसेल तर योहानाच्या ४थ्या अध्यायात येशूने पाणी मागितल्यावर विहिरीवरच्या त्या शोमरोनी स्त्रीला वाटलेले आश्चर्य वाचकापर्यंत पोहोचतच नाही. इब्री लोकांस पत्र तर जुन्या करारातील याजक (पुरोहित) आणि यज्ञ माहीत असल्याशिवाय उलगडत नाही. तिथवर पोहोचलेल्या वाचकाने संपूर्ण बायबल, शक्यतो मोठ्या अक्षरातले, विकत घ्यावे आणि याजक व यज्ञांचे नियम सांगणारे लेवीय हे पुस्तक शेजारी उघडून ठेवावे.