ऑफिस टाइम, बेबी सनरोझ आणि आमची काळी माती: दहा महिन्यांनंतर

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याजवळच्या खेड्यात आमचं घर. ओट्यापुढच्या पट्टीला उन्हाळ्यात अशा भेगा पडतात की पोराची गोटी आत गेली ती गेलीच. नळ तीन दिवसांआड, म्हणून लॉनचा नाद सोडला आणि फेब्रुवारीत ऑफिस टाइम, बेबी सनरोझ आणि सेडम ही जाड, रसाळ पानांची, जमिनीलगत पसरणारी झाडं लावली.

सेडम एप्रिल संपायच्या आत गेलं. नर्सरीवाला म्हणाला होता, ‘उन्हात मस्त चालते.’ कुठल्या उन्हात, ते विचारायला हवं होतं.

ऑफिस टाइमच्या बोटभर काड्या शेजारच्या वहिनींकडून फुकट आणल्या, दिवसभर सावलीत ठेवून खोचल्या. नवतप्यात, म्हणजे मे संपतानाच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ च्या वर, पाणी आठवड्यातून एकदाच. पानं जराशी सुरकुतायची, पाणी दिलं की सकाळी पुन्हा टच्च. फुलं मात्र सकाळी उमलून दुपारी मिटतात, ढग आले तर उमलतच नाहीत. मी शाळेतून येईस्तोवर सगळं बंद, त्यामुळे माझ्या वाट्याला रविवारच!

बेबी सनरोझ पश्चिमेच्या उन्हात करपलं. कडुनिंबाखालचं पसरलं.

मग जुलैत चार दिवसांची झड लागली. उन्हानं जे केलं नाही ते पाण्यानं केलं: देठ बुडाशी लिबलिबीत, ओढलं की हातात येई. अर्धी पट्टी गेली. पण ओट्याला लागून, जिथे बांधकामाचा मुरूम उरला होता, तिथलं एक रोपही सडलं नाही. सप्टेंबरात तेच सगळीकडे केलं. खाली फुटकी कवेलू (कौलं), वर दोन घमेली मुरूम, एक रेती, एक माती, असा वीतभर उंच वाफा. नंतर कपाशीवर येतो तसा पिठ्या ढेकूण दिसला, तो साबणाच्या पाण्यानं आटोक्यात आला. पोरांच्या खेळायची जागा मात्र ही नव्हे, पाय पडला की काड्या मोडतात.

मधल्या काळात वाफ्यात काहीतरी आपोआप उगवलं होतं. मी तण समजून उपटायला बसले, तर सासूबाई धावत आल्या, ‘अवं, हे तं चिवळ होय! उपटतं काऊन?’ चिवळ म्हणजे ऑफिस टाइमच्याच कुळातली. तिची पानं तांदळाएवढी, ऑफिस टाइमची लांबट, सुईसारखी. संध्याकाळी डाळ घालून भाजी झाली. आता वाफ्याचा उजवा कोपरा त्यांचा आहे, तिथे मला खुरपं न्यायची परवानगी नाही.