सॉफ्टवेअरच्या सपोर्टपायी १,४१,६०० रुपये गेले. कंत्राटदारांनो, हे वाचाच

माझा मोठा भाऊ सरकारी कामं घेतो. तासगाव, कवठेमहांकाळ भागात शाळाखोल्या, गावातले रस्ते, गटारी आणि मधेच एखादा खासगी बंगला. फर्म दादाच्या एकट्याच्या नावावर, हिशेब माझ्याकडे. टॅलीत खरेदी, विक्री, जीएसटी सगळं नीट बसतं. अडतं ते साइटवर. कुठे किती सळई उतरली, सेंट्रिंगवाल्याने किती उचल घेतली आणि त्यातली किती कापायची राहिली, हे सगळं वहीत नाहीतर मुकादमाच्या व्हॉट्सॲपवर. आरए बिल, म्हणजे चालू कामाचं टप्प्याटप्प्याने मिळणारं बिल, निघालं की त्यातून आयकराचा १ टक्का, जीएसटीचा टीडीएस २ टक्के, कामगार उपकर १ टक्का आणि शिवाय सुरक्षा ठेव कापून जाते. काम फायद्यात चाललंय की तोट्यात, हे ते संपेपर्यंत आम्हाला कळायचं नाही. सॉफ्टवेअर विकायला आलेला माणूस नेमकं इथेच बोट ठेवून बोलला.

आमच्या ओळखीच्या एका क्रशरवाल्याने त्याला पाठवलं होतं. सगळे त्याला ‘सर’ म्हणायचे. बोलणं मवाळ, कामाची माहिती खरोखरची. एमबीतल्या, म्हणजे सरकारी मोजमाप वहीतल्या, मोजमापावरून बिल कसं बनतं, मागच्या बिलाचं परिमाण कसं वजा होतं, हे त्याने न अडखळता सांगितलं. बांधकामाचा हिशेब आणि प्रोजेक्ट एकत्र सांभाळणारं एक ऑनलाइन सॉफ्टवेअर त्याने दाखवलं. वर सांगितलं, “ऑडिट ट्रेल आता सक्तीचं आहे, हे घेतलं नाहीत तर दंड बसेल.” ऑडिट ट्रेल म्हणजे हिशेबात कोणी काय कधी बदललं याची सॉफ्टवेअरने ठेवलेली नोंद. मी घाबरलो. १ एप्रिल २०२३ पासूनचा तो नियम कंपनी कायद्याखालचा आहे, कंपन्यांसाठी. दादाच्या एकट्याच्या फर्मला तो लागूच नाही. आमच्या सीएंना एक फोन केला असता तरी हे कळलं असतं.

दुसरी गोष्ट त्याच दिवशी डोळ्यांसमोर होती आणि मी ती पाहिली नाही. नमुना म्हणून त्याने लॅपटॉपवर दुसऱ्या एका कंत्राटदाराचा खरा डेटा उघडला होता. साइटचं नाव, सिमेंटचा दर, मजुरांच्या ठेकेदाराला किती दिले, सगळं. आम्ही भारावून गेलो. टेंडरमध्ये किती टक्के खाली जायचं हे आम्ही घरातसुद्धा बोलत नाही, आणि हा माणूस दुसऱ्याचे दर आमच्यापुढे उघडून बसला होता.

ठरले १ लाख २० हजार, वर १८ टक्के जीएसटी. वर्षभराचा सपोर्ट त्यातच, दर महिन्याला ऑफिसला येऊन बसणार. बिलावर प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं नाव होतं, पण पैसे त्याच्या स्वतःच्या बचत खात्यावर मागितले. “कंपनीचं खातं केवायसीत अडकलंय.” टीडीएस कापू नका, तेवढी कटकट नको, असंही म्हणाला. टीडीएस भरायचा तर पॅन लागला असता आणि नाव तिथेच उघडं पडलं असतं. मी ८० हजार आणि ६१,६०० असे दोन हप्ते जुलैत पाठवले.

आणि तो येत राहिला, हे मला सगळ्यांत जास्त सांगायचं आहे. पैसे घेऊन पळाला असता तर महिन्यात कळलं असतं. हा ऑगस्टमध्ये आला, सप्टेंबरमध्ये आला, ऑक्टोबरच्या सुरुवातीला आला. तीन-तीन तास बसायचा, डेटा बाहेर काढून पुन्हा चढवायचा, “सुरक्षेसाठी” लॉगिन बदलून द्यायचा. ताईंना, म्हणजे आमच्या ऑपरेटरना, शिकवायचा. असा सपोर्ट कोण देतं, असं मी चार जणांना सांगितलं. एकदा ताईंनी विचारलं होतं, “सर, आपल्या फर्मच्या नावापुढे आधी २ होतं, आता ३ कसं आलं?” तो म्हणाला, तिसरी आवृत्ती आहे.

ती आवृत्ती नव्हती. सॉफ्टवेअर कंपनी महिनाभर फुकट वापरून बघायला देते. तो दर महिन्याला नवा ईमेल टाकून नवं फुकट खातं उघडायचा आणि आमचा डेटा त्यात ओतायचा. त्याचं येणं हा सपोर्ट नव्हताच, मुदत संपायच्या आत खातं बदलायला तो यायचा. परवाना त्याने कधी विकतच घेतला नव्हता.

उलगडलं ते जीएसटीमुळे. विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांची यादी जीएसटी पोर्टलवर दर महिन्याला येते, तिला २बी म्हणतात. ऑगस्टच्या २बी मध्ये त्याचं बिल दिसलं नाही तेव्हा तो म्हणाला, माझं रिटर्न तिमाही असतं. तसं असू शकतं, म्हणून थांबलो. १४ ऑक्टोबरला नवी २बी आली, तरीही बिल नाही. तेव्हा पहिल्यांदा त्याचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघितला. नोंदणी रद्द, नाव दुसऱ्याच जिल्ह्यातल्या एका कापड दुकानाचं. नंबर नुसता नीट पाहिला असता तरी पुरे होतं. १५ अक्षरांतले पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. नंबरातलं सहावं अक्षर कंपनी असेल तर ‘सी’ असतं, व्यक्ती असेल तर ‘पी’. बिलावर प्रायव्हेट लिमिटेड आणि सहावं अक्षर ‘पी’. जुलैपासून ते बिल माझ्या फाइलमध्ये होतं.

मग मी दुसरी चूक केली. रागाच्या भरात त्याला लगेच फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंचं लॉगिन बंद. ॲडमिन तोच होता. माल उतरल्याची साडेअकराशे चलनं, तीन साइटची मोजमापं, सगळ्या उचली आत अडकल्या. संध्याकाळी त्याचा मेसेज आला, ३५ हजार पाठवा, डेटा देतो. सॉफ्टवेअर कंपनीला फोन केला तर खातं ज्याच्या ईमेलवर आहे त्यालाच ते ओळखतात, आणि त्यांच्या बाजूने ते बरोबरच आहे. तुम्हाला असा संशय आला तर आधी सगळा डेटा एक्सेलमध्ये उतरवून घ्या, पेनड्राइव्हवर ठेवा, मग तोंड उघडा.

३५ हजार दिले नाहीत. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली. पैसे गेल्यापासून काही तासांत फोन झाला तर समोरच्या खात्यात ते रोखून धरता येतात. आमचे जुलैचे पैसे तोवर काढून झाले होते. ताई आणि मी दिवाळीच्या सुट्टीत बसून चलनं पुन्हा चढवली. सिमेंटची सापडली, क्रश सँडची निम्मी ट्रॅक्टरवाल्यांकडून मागून आणावी लागली. एका साइटच्या सेंट्रिंगवाल्याची उचल किती होती याचा पुरावाच राहिला नाही. तो सांगेल ते मान्य करावं लागलं.

आता सॉफ्टवेअर आम्ही कंपनीच्या वेबसाइटवरून थेट घेतलंय, परवाना दादाच्या ईमेलवर, ॲडमिन मी. शिकवायला येणाऱ्याला फक्त ऑपरेटरचं लॉगिन देतो आणि तो गेला की पासवर्ड बदलतो. दर शनिवारी डेटा उतरवून घेतो.

हे लिहायला बसलो त्याचं कारण परवाचा फोन. जतकडचे एक कंत्राटदार होते, ओळख नाही. म्हणाले, “तुमच्या शाळेच्या कामाला सळई बऱ्या दराने मिळाली की.” दर त्यांनी रुपयासकट बरोबर सांगितला. एका सरांनी लॅपटॉपवर दाखवला होता. पैसे दिले का, विचारलं. उद्या द्यायचे होते. बिल हातात आहे का, विचारलं. होतं. मी म्हटलं, जीएसटी नंबरातलं सहावं अक्षर वाचा.

“पी,” ते म्हणाले.