डॉसबॉक्स ०.७४-३ : टर्बो सी प्लस प्लससाठी घ्यावं का?

सी आणि सी प्लस प्लसचे प्रोग्राम लिहून चालवायचं जुनं सॉफ्टवेअर टर्बो सी प्लस प्लस ३.० हे ६४ बिटच्या विंडोजवर थेट उघडत नाही. प्रोग्राम १६ बिटचा आहे आणि असे प्रोग्राम चालवणारा भाग ६४ बिट विंडोजमध्ये ठेवलेलाच नाही. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला मात्र अजून ठिकठिकाणी टर्बोचा तोच निळा पडदा लागतो. मग डॉसबॉक्स घ्यावं, म्हणजे विंडोजच्या आत जुना डॉसचा संगणक उभा करणारा प्रोग्राम. ते फुकट आहे, छोटं आहे आणि हे काम चोख करतं. फक्त पहिल्याच दिवशी एक बटण बदलावं लागतं.

टर्बोत प्रोग्राम चालवायला कंट्रोल-एफ९ दाबतात. डॉसबॉक्समध्ये हीच बटणं डॉसबॉक्स बंद करायची आहेत! काहीही न विचारता खिडकी नाहीशी होते आणि एफ२ दाबून सेव्ह न केलेला प्रोग्राम गेला म्हणून समजा. उपाय सोपा आहे. डॉसबॉक्स उघडून कंट्रोल-एफ१ दाबा. कीबोर्डचं चित्र येईल. त्यात खाली 'शटडाउन' आहे, त्यावर क्लिक करून 'डेल' आणि मग 'सेव्ह' करा. शिवाय टर्बोच्या ऑप्शन्स, एन्व्हायर्नमेंट, प्रेफरन्सेसमध्ये ऑटो सेव्हखाली 'एडिटर फाइल्स'वर खूण करून ठेवा. नेटवर मिळणाऱ्या तयार टर्बो पॅकेजांत आतमध्ये बहुधा डॉसबॉक्सच असतं. तिथेही ही बटणं आधी तपासा.

मांडणीसाठी डी ड्राइव्हवर 'डॉस' नावाचं फोल्डर करून त्यात 'टर्बोसी३' ठेवा. मग 'माउंट सी डी:\डॉस', 'सी:', 'सीडी टर्बोसी३\बिन' आणि 'टीसी', अशा चार ओळी डॉसबॉक्समध्ये टाइप करायच्या. माउंट म्हणजे ते फोल्डर डॉसबॉक्सला सी ड्राइव्ह म्हणून दाखवणं. विंडोजचा अख्खा सी ड्राइव्ह माउंट करू नका; आतल्या प्रोग्रामच्या एका चुकीने खऱ्या फाइली पुसल्या जाऊ शकतात. रोज टाइप करायचा कंटाळा येत असेल तर स्टार्ट मेनूतल्या डॉसबॉक्स ऑप्शन्समधून सेटिंगची फाइल उघडा आणि अगदी तळाच्या 'ऑटोएक्झेक' विभागात याच ओळी लिहा. त्याच फाइलीत 'आउटपुट' ओपनजीएल करून 'विंडोरिझोल्यूशन' १२८०x९६० दिलं की अक्षरं वाचण्याजोगी होतात. आउटपुट 'सर्फेस'च ठेवलं तर खिडकी मोठी होत नाही.

'स्टडिओ डॉट एच' उघडता येत नाही अशी एरर आली, तर दोष बहुतेक वेळा पाथचा असतो. ऑप्शन्स, डिरेक्टरीजमध्ये इन्क्लूड आणि लायब्ररीचे पाथ डॉसबॉक्सच्या आतले हवेत, म्हणजे 'सी:\टर्बोसी३\इन्क्लूड' आणि 'सी:\टर्बोसी३\लिब'. तिथे डी ड्राइव्ह लिहिला की बिघडलं. ग्राफिक्सच्या प्रोग्रामला लिंकर (प्रोग्रामला लायब्ररी जोडणारा भाग) अडला तर ऑप्शन्स, लिंकर, लायब्ररीजमध्ये 'ग्राफिक्स लायब्ररी'वर खूण करा. ग्राफिक्स सुरू करणाऱ्या 'इनिटग्राफ'ला टर्बोच्या बीजीआय फोल्डरचा पाथ देताना उलटी तिरकी रेघ दोनदा लिहायची, हे बरेच जण विसरतात.

वेग कमी वाटला तर कंट्रोल-एफ१२, अडकलेला माउस सोडवायला कंट्रोल-एफ१०. नोटपॅडमध्ये केलेली फाइल आत दिसत नसेल तर कंट्रोल-एफ४. फाइलीचं नाव आठ अक्षरांत बसवा.

एक गोष्ट मात्र डॉसबॉक्सच्या हातात नाही. टर्बोत 'इंट', म्हणजे पूर्णांक ठेवायचा प्रकार, दोन बाइटचा, कमाल ३२७६७. फॅक्टोरियलचा प्रोग्राम ७ ला ५०४० असं बरोबर उत्तर देतो आणि ८ ला ४०३२० ऐवजी -२५२१६ छापतो. लॉजिक तपासत बसू नका. 'लाँग' घ्या आणि 'प्रिंटएफ'मध्ये टक्के-एलडी लिहा.