जादूनं आलेले पंख पोराला मिळणार का? कॅम्पेनसाठी कुठला नियम घ्यावा

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलावर बसून गोष्ट रंगवायचा खेळ, त्यात दुसऱ्या पिढीचं कॅम्पेन, म्हणजे बरेच दिवस चालणारी गोष्ट, काढायचं म्हणलं की पहिला वाद ह्याच्यावरच होतो. गोष्ट वीस वर्षं पुढं नेली, जुन्या कॅरेक्टरची पोरं आता मोठी झाली, आणि एक प्लेयर विचारायलाय की माझ्या फायटरला त्या झऱ्याचं पाणी पिऊन कल्ले फुटले होते, मग माझ्या पोरीला पाण्यात श्वास घेता येणार ना? जुळे सोलापुरात आमचा ग्रुप रविवारी बसतो तिथं मधी कडक भाकरी अन् शेंगा चटणी असते, डाईस बाजूला पडलेले असतात, आणि ह्यावर तास-तास बोलणं चालतं. प्रश्न साधा वाटतो पण डीएमनं (खेळ चालवणाऱ्यानं) आज काय ठरवलं त्यावर पुढची सगळी दुनिया उभी राहते, म्हणून दोन्ही बाजू नीट मांडतो.

एक बाजू म्हणते, नाही मिळणार. जादू लागली ती त्या माणसाच्या अंगाला. खऱ्या जगात लामार्क ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1809 मधे मांडलेलं की आयुष्यात कमावलेले गुण पोरांत उतरतात, पुढं वाइजमन ह्या जर्मन शास्त्रज्ञानं उंदरांच्या शेपट्या पिढ्यानपिढ्या कापून बघितल्या, पिल्लं आपली पूर्ण शेपटीचीच जन्मली. आपल्या सोलापूरच्या माणसाला हे चादरीवरनं लगेच कळेल. जॅकार्डच्या मागावर नक्षी ठरते ती कार्डातल्या भोकांनी, तयार चादरीवर वरनं कितीही भरतकाम करा, पुढची चादर जुन्याच नक्षीची निघणार, कार्ड बदललं तरच नक्षी बदलणार.

ह्या नियमाचा डीएमला मोठा फायदा म्हणजे हिशोब सोपा राहतो. नियमांच्या तीन पॉइंट पाच एडिशनमधे हाफ-ड्रॅगन टेम्प्लेटची (कॅरेक्टरवर वरनं चढवायच्या गुणांच्या संचाची) लेव्हल अ‍ॅडजस्टमेंट +3 आहे, ते कॅरेक्टर तीन लेव्हल जास्तीचं धरतात, म्हणजे असं पोर फुकटात मिळत नाही, आणि पाचव्या एडिशनमधे तर हा हिशोबच नाही, तिथं बापाची उडण्याची ताकद पोराला पहिल्या लेव्हलला दिली तर बाकीचे प्लेयर नाराज होणारच. तोटा पण आहे. जादूनं केलेलं काहीच पुढं जात नसेल तर आउलबेअर (घुबडाचं डोकं अन् अस्वलाचं अंग असलेली जनावरं) आले कुठनं? त्यांच्याबद्दल समज असा की कुठल्यातरी डोकं फिरलेल्या जादूगारानं बनवले, पण आज जंगलात त्यांची पिल्लं असतात.

दुसरी बाजू म्हणते, मिळणार, कारण जादू शरीराला नाही तर अख्ख्या जीवालाच बदलते. टीफ्लिंग बघा, ही सैतानाच्या खुणा अंगावर असलेली माणसांची जात. 2008 मधे आलेल्या चौथ्या एडिशनच्या गोष्टीत बाएल तुराथ नावाच्या साम्राज्यातल्या सरदारांनी सैतानांशी करार केला, करार करणारे कधीच मेले, पण शिंगं अन् शेपटी वंशजांच्या अंगावर आजही आहे. गोष्टीसाठी हे लई भारी पडतं, आजोबाच्या सौद्याची किंमत नातू मोजतोय ह्याच्यापेक्षा चांगली बॅकस्टोरी कुठं मिळणार. पण जरा पुढचा विचार करा. वरदान रक्तात उतरत असेल तर प्रत्येक राजा आधी जादूगार गाठणार, पंख लावून घेणार, आणि दोन-तीनशे वर्षांत सगळं राजघराणं उडत फिरणार, किल्ल्याची तटबंदी बांधायला कुणी पैसा घालणार नाही. हे तुमच्या नकाशात बसत असेल तरच हा नियम घ्या.

नियमांची पुस्तकं स्वतः काय करतात? तिसऱ्या एडिशनच्या काळात टेम्प्लेटचे दोन प्रकार झाले, जन्मजात आणि नंतर लागलेले. हाफ-ड्रॅगन, हाफ-फीन्ड (अर्धा सैतान) जन्मजात, व्हॅम्पायर नंतर लागलेला. ड्रॅगन डिसायपल ह्या प्रकारचं कॅरेक्टर मात्र दहाव्या लेव्हलला हाफ-ड्रॅगन होतं, तिथं समजूत अशी की ड्रॅगनचं रक्त आधीपासनं होतंच, आता जागं झालं. आणि लायकॅन्थ्रोप (वेअरवुल्फसारखा, रूप बदलून जनावर होणारा) दोन्ही रांगांत बसतो. तीन पॉइंट पाचमधे जन्मजात वेअरवुल्फ चावला तर शाप पुढं जातो, चावल्यामुळं झालेला चावला तर जात नाही. पाचव्या एडिशनच्या 2014 च्या मॉन्स्टर मॅन्युअल ह्या राक्षसांच्या पुस्तकात अजून कामाची गोष्ट आहे, चावल्यामुळं लागलेला शाप रिमूव्ह कर्स ह्या मंत्रानं निघतो, जन्मानं आलेला काढायला विश हा सगळ्यात मोठा मंत्र लागतो.

माझं मत ह्या शेवटच्या गोष्टीवर उभं आहे. जी जादू डिस्पेल (जादू उतरवायचा मंत्र) किंवा रिमूव्ह कर्सनं उतरते ती पोरात जात नाही, जी फक्त विशनं उतरते ती जाते. डीएमला दर वेळी नव्यानं डोकं लावायला लागत नाही, प्लेयरला आधीच कळतं की पोराला पंख पाहिजेत तर वडलांनी किती मोठा सौदा करायला हवा होता, आणि टीफ्लिंग, आउलबेअर दोन्ही ह्यात बसतात. झऱ्याच्या कल्ल्यांचा निकाल पण इथंच लागतो, डिस्पेलनं कल्ले जात असतील तर पोरीला नाहीत.

एक केस मात्र ह्या नियमाला सुद्धा अडते, ती वेगळी लिहून ठेवा. आई शापानं दुसऱ्या रूपात असतानाच गर्भ राहिला तर? आपल्या महाभारतात हे सरळ आहे. अद्रिका अप्सरा, शापानं मासळी झालेली, त्याच रूपात तिच्या पोटात गर्भ राहिला आणि मुलगी सत्यवती जन्मली ती अंगाला मासळीचा वास घेऊनच. शाप सुटणारा होता, अद्रिका नंतर सुटली पण, तरी वास मुलीत आला. पुढं पराशर ऋषींनी वर दिला, वास जाऊन सुगंध आला, पण व्यास, चित्रांगद, विचित्रवीर्य ह्यांच्या अंगाला तसा सुगंध होता असं कुठं येत नाही. म्हणजे एकाच घरात शापाचा परिणाम उतरला अन् वर नाही उतरला. मी टेबलावर हे असं घेतो की गर्भ राहताना आई ज्या रूपात होती त्याची एखादी खूण पोराला द्यायची, वास, डोळ्यांचा रंग, मानेवर खवले, पण ताकद नाही द्यायची. पाण्यात श्वास घेणं वगैरे पाहिजे असेल तर प्लेयरनं त्यासाठी फीट (कॅरेक्टरसाठी निवडायचं खास कौशल्य) खर्च करावा.