जोडीनं करावा असा शेअरचा वर्ग

कोल्हापुरात राजारामपुरीतला हा दोन रविवारचा वर्ग आम्ही दोघांनी केला. फी जोडीला अडीच हजार. प्रेम, लग्न आणि शेअर असा विषय ऐकून आमचे हे आधी यायलाच तयार नव्हते. मी मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर हिशेब लिहिते, हे शिरोलीला लेथवर आहेत. शेअर मी घ्यायचे, तेही ह्यांना न सांगता.

पहिल्याच तासाला सरांनी विचारलं, स्थळ बघताना काय काय चौकशी करता? माझ्या वेळी वडील मुलाच्या घरी जायच्या आधी त्याच्या गल्लीतल्या किराणा दुकानात जाऊन बसले होते. उधारी वेळेवर भागवतात का, एवढंच विचारून आले. मी हे सांगितलं तर सर म्हणाले, आता हेच कंपनीबद्दल विचारा. दर तिमाहीला एक्सचेंजच्या, म्हणजे शेअर बाजाराच्या साइटवर शेअरहोल्डिंग पॅटर्न, म्हणजे कुणाकडे किती शेअर आहेत याचा तक्ता येतो. प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनी ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी, स्वतःचे किती शेअर गहाण टाकलेत, त्याचा त्यात रकाना असतो. मग आपल्या गोकुळ शिरगावच्या मेनन बेअरिंग्जचा वार्षिक अहवाल घेऊन देणं किती, रोकड कुठून आली, कुठं गेली, हे पान न् पान उलटून दाखवलं. भाव मात्र तीन महिन्यांपेक्षा जुनेच वापरले. शिकवणाऱ्यांनी ताजे भाव वापरू नयेत, असं शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं जानेवारी २०२५ मध्ये बजावलंय. हा घ्या, तो विका, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. माझा विश्वास तिथंच बसला.

त्याच दुपारी मी माझ्याकडच्या एका कंपनीचा तो रकाना मोबाइलवर उघडला. प्रवर्तकांचे निम्म्याहून जास्त शेअर गहाण! २१२ रुपयांनी १५० शेअर घेतले होते, भाव आला होता ६१ वर. तीन वर्षं मी रोज सकाळी तो भाव बघत होते. आज ना उद्या वर येईल, आपण साथ सोडायची नाही, असं वाटायचं.

दुसऱ्या रविवारी सरांनी याला एकतर्फी प्रेम म्हटलं. शेफ्रिन आणि स्टॅटमन या अभ्यासकांनी १९८५ मध्येच लिहून ठेवलंय की माणूस नफ्यातला शेअर घाईनं विकतो आणि तोट्यातला कवटाळून बसतो. मग दोघांनी वेगवेगळ्या कागदावर आपापली गुंतवणूक लिहायची आणि कागद बदलायचे. माझा हात थरथरत होता. ह्यांनी माझा कागद वाचला, चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवला. घरी जाताना रंकाळ्यावर गाडी थांबवून एवढंच म्हणाले, "मला सांगायचं होतंस की गं."

सरांचं एक मला पटलं नाही. लग्नासारखंच शेअरलाही वेळ द्या, असं ते दोनतीनदा म्हणाले. चांगल्या कंपनीला जरूर द्यावा. पण नवऱ्याशी भांडून, बोलून घर सुधारता येतं, दीडशे शेअरच्या जोरावर कंपनी सुधारत नाही. हा फरक त्यांनी ठासून सांगायला हवा होता.

कराचा भाग शेवटच्या वीस मिनिटांत उरकला, ही खरी उणीव. बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या शेअरचा तोटा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातूनच वजा होतो आणि विवरणपत्र मुदतीत भरलं तर पुढं आठ वर्षं ओढता येतो, हे मला अडतीवर येणाऱ्या सीएंना विचारावं लागलं. छापील टिपणंही द्यायला हवीत. जेवण घरगुती होतं, भाकरी गरम.

मंगळवारी आम्ही दोघांनी मिळून ते शेअर विकले. बटण ह्यांनी दाबलं. तोटा २२,६५० रुपये. बुधवारी पैसे ब्रोकरकडच्या खात्यात आले, आणि त्या रात्री ह्यांनी मला आपल्या पतसंस्थेतल्या ठेवीचं पुस्तक दाखवलं. ते मलाही माहीत नव्हतं.